सायीच्या रंगाचा शर्ट

४ ऑक्टोबर

पोचलो एकदाचे! ट्रकमधून शिलाई मशीन उतरवताना बाबा असे काही मागेपुढे नाचत होते की ट्रकवाल्यानं शेवटी हात जोडले आणि आजोबा, जरा लांब उभे राहता का, म्हणाला. मशीन खिडकीपाशी लागलं, पायडल दोनदा मारून झालं, मग कुठे स्वारीनं चहा घेतला.

दादाकडे चार वर्षं हे मशीन गॅलरीत ताडपत्रीखाली पडून होतं. वहिनी वाईट नाही, पण तिला घरात टकटक चालत नाही आणि बाबांना टकटकीशिवाय करमत नाही. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेला माणूस, तिथे नुसता पेपर वाचत बसायचा, तोसुद्धा कालचा. म्हणून ही नोकरी दिसली तेव्हा मी बाकी काही न विचारता राहायला खोल्या किती ते विचारलं. दोन, म्हणाले. घेतली.

दोन खोल्या, शेजारी प्रयोगशाळा, मागे गोदाम. संपलं संशोधन केंद्र. केंद्राच्या प्रमुख मॅडम शहरात असतात आणि फोनवर भेटतात. इथे कायमचे एकच, राखणदार. कडकडीत उन्हात रेनकोट आणि गुडघ्यापर्यंत गमबूट घालून स्वागताला उभे होते. डाव्या हाताला तीनच बोटं. बाबांनी पाच मिनिटांत त्यांचं ‘गमबूट काका’ असं बारसं करून टाकलं आणि ते चक्क हसले.

गोदामात पोती मोजायचा काटा आहे. गंमत म्हणून दोघं चढलो. बाबा अठ्ठावन्न, मी एकसष्ट. बाबा म्हणाले, दादाकडे जेवत मी होतो आणि अंगी तुझ्या लागलं.

६ ऑक्टोबर

काम समजलं. मजेशीर आहे. केंद्राच्या एका बाजूला लागवड आहे, एकाच जातीची झाडं, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी रांगेत. चाळीस वर्षांपूर्वी लावलेली. तिथे पडलेलं पान कुजतच नाही. पाचोळा घोट्याच्या वर, चाललं की कुरकुर कुरकुर. उकरून पाहिलं तर खाली त्याच्याही आधीच्या वर्षांची पानं, तशीच्या तशी. गांडूळ नाही, वाणी किडा नाही, साधी मुंगी नाही.

ओढ्यापलीकडे जुनं रान. तिथे याच्या अगदी उलट. आज पडलेलं पान दहा दिवसांत जाळीदार होतं, नुसत्या शिरा उरतात, आणि महिन्यात गायब. मूठभर माती पांढऱ्या कागदावर टाकली तर कागद हलायला लागला. ठिपक्याएवढे पांढरे उड्या मारणारे, टाचणीच्या डोक्याएवढे तांबडे, वाणी, गोमा, नावं माहीत नसलेले शेकडो. लागवडीत हे का नाहीत, ते शोधायचंय.

पद्धत सोपी. नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या शिवायच्या, प्रत्येकीत मोजून दहा ग्रॅम सुकी पानं, साठ पिशव्या लागवडीत, साठ रानात. जोडीला बारा सुती कापडाच्या पट्ट्या रानात पुरायच्या. दर आठवड्याला तीन पट्ट्या काढायच्या, दोन दिवस ओव्हनमध्ये वाळवायच्या आणि वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं मातीनं खाल्लं. किडे मोजायला नरसाळं आहे. वर माती, त्यावर बल्ब. उजेड आणि ऊब नको म्हणून किडे खाली खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. बाबांना हे फार लबाडीचं वाटलं.

पिशव्या शिवायच्या म्हटल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. एकशेवीस नग! टेप गळ्यात आलासुद्धा.

११ ऑक्टोबर

सकाळी उठायच्या आधी टकटक सुरू. मी पडल्या पडल्या ऐकत होते. किती वर्षांनी घर घरासारखं वाटलं.

अडचण एकच, पट्ट्यांच्या कापडाचं पार्सल आलेलं नाही. मॅडमना फोन केला तर चौदा तारीख चुकवायची नाही म्हणाल्या, बाकी तू बघ. भिंतीवर जुना कागद डकवलाय: ‘कापड नवंच हवं. अंगावर घातलेलं चालणार नाही.’ बरोबरच आहे, घामाचे क्षार, साबण, निकाल बिघडतो. पण इथे नवं सुती कापड आणू कुठून? बाबांनी तेवढ्यात ट्रंकेतून त्यांचा सायीच्या रंगाचा शर्ट काढला. दुकान उघडलं तेव्हा स्वतःसाठी शिवलेला पहिला. वीस वर्षं रोज घातला, कोपरावर इतका विरला की आता पुसायलाच जाणार होता. शंभर टक्के सुती, माझी गॅरंटी, म्हणाले. मी तीनदा उकळला. घाम काय, रंगसुद्धा उरला नाही.

त्यांनी पाठीच्या कापडातून बारा पट्ट्या कातरल्या. प्रत्येकी बरोबर चार ग्रॅम, एकीतही फरक नाही. आहे कुठल्या शास्त्रज्ञाची टाप? शिवाय प्रत्येक पिशवीच्या कोपऱ्याला न सांगता एकेक छोटी फीत लावली, पाचोळ्यातून उचलायला बरी. माझ्या कोटाला खुंटीवर अडकवायला लूप नव्हता, तोही लावून टाकला. हात थांबतच नाहीत त्यांचे.

१४ ऑक्टोबर

सगळं ठेवून झालं. तागाच्या सुतळीनं रांगा आखल्या, पिशव्या पाचोळ्याखाली सरकवल्या, पट्ट्या पुरल्या. रानात पाऊल टाकलं की आवाज होत नाही, गादीवर चालल्यासारखं. काका पूर्ण वेळ मागे उभे. रुमाल पडू देऊ नकोस, केस गळला तर उचल, असं बजावत होते. मी म्हटलं, काका, एवढी स्वच्छता आमच्या वहिनीचीसुद्धा नाही. ते हसले नाहीत. पट्ट्या नव्या कापडाच्याच ना, एवढं विचारलं. उगाच मॅडमच्या कानावर जायला नको म्हणून मी हो म्हटलं.

२३ ऑक्टोबर

परवा पहिल्या तीन पट्ट्या काढल्या. भुरकट झाल्यात, कडा कुरतडलेल्या. ओव्हनमध्ये ठेवल्या. त्याच दुपारी बाबांना ताप भरला. सारखं पाणी मागत होते, ओठ फुटले, कातडी कागदासारखी कोरडी. काल दिवसभर तेच. आज ताप आपोआप उतरला, मी पट्ट्या बाहेर काढून वजन करत होते तेवढ्यात हाक मारून चहा मागितला. जिवात जीव आला.

पट्ट्या सरासरी तीन पूर्णांक चौसष्ट. म्हणजे नऊ टक्के घट. मॅडम खूश.

बाबांची पँट सैल झाली. तापानं होतं. त्यांनी स्वतःच टेप लावला, कंबर दीड इंचानं कमी, आणि गिऱ्हाईक बारीक झालं तर शिंप्याचं काम वाढतं म्हणत दोन टीपा मारल्या. काट्यावर त्रेपन्न भरले.

३० ऑक्टोबर

पुन्हा तसंच झालं. अठ्ठावीसला दुसऱ्या तीन पट्ट्या ओव्हनमध्ये गेल्या आणि बाबा तापले. आज काढल्या आणि ताप उतरला. मागच्या वेळी मी घड्याळ बघितलं नव्हतं, या वेळी बघितल्याशिवाय राहवेना. दहा मिनिटांचाही फरक नाही.

पट्ट्या तीन पूर्णांक सोळा. एकवीस टक्के घट.

बाबांना हाताला धरून गोदामात नेलं. शेहेचाळीसलाही कमी. मी कागदावर मांडलं. अठ्ठावन्नातून एकवीस टक्के काढले. पंचेचाळीस पूर्णांक आठ येतात. मग मागच्या आठवड्याचे नऊ टक्के काढून पाहिले. त्रेपन्नला जेमतेम कमी. तीनदा केलं. माझी बेरीज-वजाबाकी कधी चुकत नाही, आज चुकावी म्हणून किती प्रयत्न केला.

शहरातल्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. रक्त चांगलं, छाती चांगली. वयोमान, म्हणाले. टॉनिक दिलं.

३१ ऑक्टोबर

काकांना खरं सांगितलं. शर्ट कुणाचा होता ते. 

त्यांनी डावा हात पुढे केला. मला वाटायचं करवतीत गेली असतील बोटं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा सुती हातमोजा रानात पडला. पंधरा दिवसांनी सापडला, दोन बोटं खाल्लेली. तेवढ्या पंधरा दिवसांत त्यांची ही दोन अशीच गेली. दुखलं नाही म्हणाले, नुसती हलकी होत गेली. मोजा उचलला त्या दिवशी थांबलं. तेव्हापासून अंगावर रबर आणि प्लास्टिकशिवाय काही घालून ते ओढा ओलांडत नाहीत. भिंतीवरचा कागद त्यांनीच लावलाय.

उचलला की थांबतं! म्हणजे उरलेल्या सहा पट्ट्या आणायच्या, बस. दोघांनी जाऊन सहाच्या सहा खणून आणल्या. ओव्हनकडे हात गेला होता सवयीनं, आता अंगावर काटा येतो. आधीच्या सहांसोबत काचेच्या बशीत ठेवल्यात, सावलीत. बाबा शांत झोपलेत. देवा, सुटलो.

१ नोव्हेंबर

चव्वेचाळीस.

थांबलेलं नाही. बशीतल्या पट्ट्या पुन्हा पुन्हा मोजल्या, बाराच्या बारा आहेत. मग काय राहिलं तिकडे?

२ नोव्हेंबर

बाबा मशीनवर बसले होते. खिडकीतल्या उजेडासमोर त्यांचा हात आला आणि माझ्या हातातला कप पडला. हाताच्या आरपार उजेड. मधलं मांस झिरझिरीत, नुसत्या शिरा, रानातल्या पानासारख्या. ते म्हणाले, हल्ली सुई हातात आहे की नाही कळत नाही गं.

शेवटी विचारलं. बाबा, त्या शर्टाचं उरलेलं कापड कुठंय? ते अभिमानानं म्हणाले, उरलं कुठे? पाठीच्या पट्ट्या झाल्या, बाह्या आणि पुढचे भाग पिशव्यांच्या फितींना लागले. एक चिंधी वाया नाही घालवली.

एकशेवीस पिशव्या. साठ रानात.

बाबांचा दोष नाही. त्यांना कापड वाया घालवता येत नाही, मला माहीत होतं. मी कौतुक करत बसले. मी हो म्हणाले काकांना. मी.

४ नोव्हेंबर

दोन दिवस गुडघ्यांवर. आखलेल्या सुतळीचा मागमूस नाही, ताग होता ना, खाऊन टाकला. कुठली रांग, कुठली पिशवी, काही कळत नाही. सगळीकडे सारखा पाचोळा. काका एका टोकाकडून, मी दुसऱ्या. साठातल्या बावीस सापडल्या. फिती अर्ध्या उरल्यात, दोऱ्यांत पांढरी बुरशी, आणि आत ते किडे बसलेले. चिमट्यानं काढायला गेलं तर दोरेच तुटतात.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, रडले. त्या म्हणाल्या, वडिलांना बरं नाही म्हणून डोक्यावर ताण आलाय तुझ्या, पण पिशव्या हलवू नकोस, सहा महिन्यांचं काम आहे.

बाबा एकोणचाळीस. उचलून खुर्चीत बसवले.

५ नोव्हेंबर

फितींत किडे तसेच ठेवून चालणार नाही. ओव्हन नको. पाण्यात नको. मला सुचलं ते नरसाळं. फिती वर, अगदी मंद बल्ब. आपले आपण खाली उतरतील, कापडाला धक्का नाही. तासाभरात बाटलीत पडायला लागले. मोजत होते, दोनशे, तीनशे.

खोलीत आले तर खुर्ची रिकामी. बाबा टेबलाखाली. डोळ्यांवर हात. वर फार उजेड आहे म्हणाले. मग टेबलाखालून सरकत सरकत पलंगाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, अजून खाली जागा आहे का म्हणून फरशी चाचपत—

धावत जाऊन बल्ब काढला. हात भाजला. भाजू दे.

६ नोव्हेंबर

इतका वेळ डोक्यात कसं आलं नाही! लागवड. तिथे काहीच कुजत नाही. चाळीस वर्षांचं पान तसंच आहे. सापडलेल्या फिती, पट्ट्या, सगळं तिकडे नेऊन कोरड्या पाचोळ्यात ठेवलं. तिथल्या साठ फितीही बघून आले. जशाच्या तशा, बाबांच्या हातचा टाका न् टाका शाबूत.

८ नोव्हेंबर

छत्तीस. कालही छत्तीस. काट्यावर दिसेल एवढं घटलं नाही!

बाबांनी अर्धा कप चहा घेतला. मशीनचं पायडल मारून दाखव म्हणाले, त्यांना पोचत नाही. मी मारलं. टकटक ऐकून हसले. वेडी, उलटं मारतेस, म्हणाले. किती दिवसांनी बोलणी खाल्ली.

उद्या रानातल्या उरलेल्या अडतीस. काका म्हणतात सापडतील. सापडतीलच.

१० नोव्हेंबर

काल रानात आणखी एकही सापडली नाही. सकाळी लागवडीत गेले. पाऊल टाकलं. आवाज आला नाही.

पुन्हा टाकलं. गादीसारखं मऊ.

बसून पाचोळा उचलला. खालचं पान जाळीदार. कागद घातला, कागद हलायला लागला.

मीच नेले. फितींतून. माझ्या बुटांना, नखांत, कोटाला लागून. चाळीस वर्षं जे इथे नव्हते ते मी दोन हातांनी आणून ठेवले. आता साठ नाहीत. एकशेवीस.

११ नोव्हेंबर

मॅडमचा फोन. काकांनी त्यांना लागवडीचं सांगितलं असावं. आनंदानं त्यांचा आवाज कापत होता. लागवड जिवंत झाली म्हणाल्या, एवढ्या वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. शाबास म्हणाल्या मला.

बाबा सत्तावीस.

१३ नोव्हेंबर

फिती आता दिसतही नाहीत. दोरा सापडतो. एखादा. बोटात धरला की—

दादाला कळवलं. येतो म्हणाला. दोन दिवस लागतील. दोन दिवस.

बाबांना काही दुखत नाही. हेच फार वाईट. त्यांना बरं वाटतंय. खोलीला ओल्या मातीचा चांगला वास येतो. डाव्या बाजूनं उसवतंय जरा, म्हणाले, टाका घालशील? मी सुई ओवली. कुठे घालू? घालायला काही—

१४ नोव्हेंबर

नऊ. मोठ्या काट्यावर काटा हललाच नाही. प्रयोगशाळेतला लागला.

काका दारात उभे. आत येत नाहीत. टोपी हातात.

१५ नोव्हेंबर

चेहरा आहे. उजवा हात आहे, टेपसकट. बाकी चादरीखाली बघत नाही.

हे कसं उरलं? सगळं गेलं तरी एवढं का उरलं? सकाळपासून विचार करत होते. मग खुंटीकडे लक्ष गेलं. माझा कोट.

लूप. त्याच शर्टाच्या कॉलरच्या कापडाचा. धड आहे. एकही दोरा तुटलेला नाही. महिनाभर मी अंगावर घालून रानात रांगले आणि मला—

कातरला. उजव्या मुठीत धरलाय. डाव्या हातानं लिहितेय. बाटलीत ठेवू? बाटल्या किड्यांच्याच आहेत. बशी पण. टेबल पण. माझी मूठच बरी. दादा येईपर्यंत मूठ सोडायची नाही. लहानपणी गर्दीत बाबांचं बोट धरायचे तशी.

दुपार

हात तीनदा धुतला होता. साबणानं. नखं कापली होती.

बाबा विचारतात मुठीत काय आहे. काही नाही म्हटलं.

तळव्याला काहीतरी लागतंय. घाम असेल. घामच—

उघडून बघितलं तर उजेड लागेल त्यांना. नाही बघितलं तर—

बाबा म्हणाले, पोरी, इतकी घट्ट नको धरूस, कापड चुरगळतं. मी म्हटलं बाबा, हलतंय. आत हलतंय. काय करू सांगा ना. ते माझ्याकडे बघतायत, तोंड उघडलंय, पण आता आवाज